रात्रपाळीला कोण?

सेनायोकी गावाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक बाई आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. बालगृहातून बाई तिला आपल्या घरी सांभाळायला नेत होती.

"भूक लागली की फ्रिज उघडायचा, वेन्ला. राय धान्याचा पाव, चीज, हवं ते घ्यायचं."

"किल्ली कुणाकडे असते?"

"घरातल्या फ्रिजला कुठली गं किल्ली?"

"बरं. आणि रात्रपाळीला कोण असतं?"

"कसली रात्रपाळी?"

"रात्री जागं कोण राहतं?"

"कुणीच नाही. मी झोपते, काका झोपतात, कुत्रासुद्धा घोरतो."

"सगळे एकदम?"

"मग काय पाळीपाळीनं झोपायचं?"

"आमच्याकडे पिर्योताई जाग्या असायच्या. बॅटरी घेऊन प्रत्येक खोलीत यायच्या. डोळे मिटले तरी उजेड कळायचा. मग मला झोप लागायची."

"भीती वाटली तर मला हाक मार. मी लगेच उठेन."

"तुम्ही झोपलेल्या असणार ना."

"हाक मारली की माणूस जागा होतो, बाळा."

"आई नाही झाली जागी."

बाईनं तिच्या गळ्यातला मफलर नीट केला.

"मावशी, तुमच्याकडे बॅटरी आहे?"

"आहे."

"मग तुम्ही झोपा. मी बसते जागी."