सव्वा मूठ गहू

हिंमतचे लेख वाचून तुम्ही पोरं आज माझ्याकडे आलात, पण श्रावणात आमच्या घरी येऊन तो काय करायचा, ते तुम्हाला माहीत नाही. माझा चुलतभाऊ तो. देव नाही म्हणणारा लेखक म्हणून सगळं म्हसावद त्याला ओळखायचं, आणि मी पक्का कानबाईचा भक्त. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जेवणासाठी, आमच्यात भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. मी गहू घ्यायला बसलो की हा दारातूनच ओरडायचा, "मन्हा नावना गहू टाकू नको! देवीबिवी काही नही ऱ्हास!"

"मंग रोट खावाले कसाले येस?"

"तुन्हासंगे भांडाले!"

आणि ताट गार होईपर्यंत आम्ही भांडायचो.

गेल्या हिवाळ्यात हिंमत वारला. यंदा गहू घेताना त्याच्या नावाची मूठ माझ्या हातून पडलीच. सून दचकली.

"नाना, काका तं गयात. मरेल माणूसना नावना गहू देवीले चालाव नही."

हे तिला मीच शिकवलेलं. पण तोंडातून निघालं, "देवीबिवी काही नही ऱ्हास! ऱ्हाऊ दे ते गहू!"

बोललो आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. सून मुकाट गहू निवडायला लागली, मुलानं मोबाइलमधून मान वर केली नाही. एवढं बोललो, तरी घरातून एक माणूस भांडायला उठला नाही.

तुम्हीही गप्पच की. चहा नंतर प्या रे, आधी मला खोटं पाडा.