सुमनसाठी ठेवलेली गाडी

म्या मूळचा तेरचा. बाप आमचा विहिरीवरची इंजनं नीट करायचा, डिझेलची, आन् शिवारात कुणाचं इंजन अडलं की माणूस आमच्या दारात हजर, तर हाताला ग्रीस लागलं ते तवापासून. शाळा लई झाली न्हाय. लगीन झाल्यावर तुळजापूरला आलो, सोलापूर रोडला पत्र्याचं शेड टाकलं आन् अजून तिथंच हाय. देवीला येणाऱ्या लोकांच्या गाड्या, घाट चढून आलेल्या, कुणाचं रेडिएटर तापलेलं, कुणाचा ब्रेक लागंना, काम कधी कमी पडलं न्हाय.

सुमन माझी बायको, सोनारीची. शेतकऱ्याची पोर, तिला गाडीतलं काय ठाऊक, पर पुढं काम आन् मागं दोन खोल्यांचं घर, मंग बगून बगून समदं शिकली. कुठला पाना लागतो ते म्या मागायच्या आधी हातात द्यायची. म्या नसलो आन् गिऱ्हाईक आलं तर बॉनेट उघडायला लावायची, ऑइलची पट्टी पुसून बगायची आन् सांगायची, आवं दादा, हे तर डांबर झालंय, इंजन खाईल तुमचं, मिस्त्री येईस्तोवर बसा गुमान. लोक हसायचे, पर बसायचे.

ती बगा साहेब, लिंबाखालची पांढरी, ती आमची गाडी. एका मास्तराची व्हती, त्यांची बदली झाली, म्या घेतली. लहान गाडी, चार माणसं दाटीनं बसावी अशी. सुमन म्हणली, जल्मभर लोकांच्या गाड्या नीट केल्या, आता आपल्या गाडीत बसायचं. लई खूश व्हती. पर काय सांगू तुमाला, हौसेनं कुठं फिरायच्या आधीच आजार आला. आधी पाय सुजले, मंग तोंड सुजलं, सोलापूरला नेलं तर डॉक्टर म्हणले दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातनं दोनदा मशीनवर रगत साफ करावं लागंल. म्या म्हणलं माझी एक काढा. तपासलं, जुळत न्हाय म्हणले. आमची एकच लेक, रेखा, बार्शीला दिलीय, ती रडत आली, म्हणली आई माझी घे. सुमन म्हणली, तुझी म्या घ्यायची न्हाय, तुला अजून लेकरं व्हायचीत, पुन्यांदा हा इषय काढू नगं.

मंग काय, मंगळवार आन् शुक्रवार सोलापूर. आदल्या दिशी म्या ती गाडी पुरी बगायचो. ऑइल, कूलंट, ब्रेकचं ऑइल, फॅनबेल्ट बोटानं दाबून, टायरची हवा, प्लग काढून घासायचे आन् परत बसवायचे, गरज असू न्हायतर नसू. सुमन खाटंवरनं म्हणायची, आवं तीन दिसामागं तर बगितलंय की, किती त्या गाडीच्या मागं लागता. म्या म्हणायचो, तुला घेऊन वाटंत उन्हात थांबायची पाळी आली तर काय करू. मशीनवरनं येताना तिच्यात जीव नसायचा, काचंला डोकं टेकून बसायची, खड्डा आला की हात दुखायचा सुईचा, तशी डोळे मिटायची. ते बगून म्या चारी शॉकअप नवे टाकले, हादरा बसू नये म्हणून. टाकले तवा म्हणली, आता पाळण्यात बसल्यावानी वाटतं. खरं म्हणली का माझ्यासाठी म्हणली, कुणाला ठाऊक.

असं लई दिस चाललं. ती वाळत गेली. पाणी सुदिक मोजून प्यायचं, उन्हाळ्यात व्हट फुटायचे. आन् एका सोमवारी क्लच घसरायला लागला, गिअर टाकला की गाडी ओढंना. म्हणलं उद्या घाटात दगा देईल, तर जेवन झाल्यापासनं गिअरबॉक्स उतरवला, गाडीखाली पडून क्लचप्लेट बदलली. सुमन खुर्ची टाकून तिथंच बसलेली. म्हणली, आवं बाहेर या. म्या म्हणलं, बोल्ट आवळायचे ऱ्हायलेत. म्हणली, ऱ्हाऊ द्या ते, उद्या म्या जायची न्हाय.

म्या बाहेर आलो. म्हणलं, बरं वाटंना का. म्हणली, तसं न्हाय, आता कधीच जायची न्हाय, पुरं झालं. म्या भांडलो बगा, रागानं बोललो, मंग हात जोडले, म्हणलं असं कसं म्हणतीस, गाडी तयार हाय, येवढा मंगळवार तरी चल. ती शांत व्हती. माझ्या हाताचं काळं आपल्या पदरानं पुसलं आन् म्हणली, गाडी तयार हाय तर मला सोनारीला न्या की, भावाकडं. या गाडीत बसून म्या माहेराला एकदा बी गेले न्हाय.

रेखा बी येऊन समजावून गेली, डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं. सुमन हटली न्हाय. मंग नेलं. वाटंत बार्शीला रेखाच्या दारात थांबलो, च्या घेतला, रेखा बी संगं आली. पहिल्यांदा सुमन त्या गाडीत डोळे उघडे ठेवून बसली व्हती, ह्या शेतात काय पेरलंय, त्या गावात कुणाची पोर दिलीय, समदं सांगत. सोनारीत भैरवनाथाच्या देवळापाशी गाडी लावली तर एक वान्नेर येऊन बॉनेटवर बसलं, हालंना. सुमन म्हणली, मिस्त्री, गिऱ्हाईक आलं बगा. आन् हसली. पोटभर हसली. लई दिसानं.

भावाच्या घरी ऱ्हायली. पाणी पायजे तेवढं प्याली. म्हणायची, इहिरीचं पाणी गोड लागतंय. रेखा तिची येणी घालायची. दम लागायला लागला, आमी समदे उशापायथ्याला, आन् एका सकाळी, उन्हं अंगणात आली व्हती, माझा हात धरलेला तसाच ऱ्हायला, ती गेली.

तिला ॲम्ब्युलन्समधनं तुळजापूरला आणली, रेखा तिच्याजवळ बसली. म्या मागनं आमची गाडी घेऊन. मेव्हणा म्हणला दाजी, म्या चालवतो. म्या म्हणलं नगं. आन् काय सांगू तुमाला, ती गाडी अशी चालली, क्लच लोण्यावानी, इंजनाचा आवाज न्हाय, खड्ड्यात हादरा न्हाय. मला त्या गाडीचा असा राग आला, असा राग आला, वाटलं आता तरी बंद पड की.

घरी आणून लिंबाखाली लावली ती लावली. मंग हात लावला न्हाय. दिसभर लोकांच्या गाड्या करायचो, तिकडं पाठ करून बसायचो. बॅटरी उतरली, टायर बसले, उंदरांनी वायरी कुरतडल्या, म्या बगितलं, तरी उठलो न्हाय.

आता यंदा रेखाचा फोन आला. दिस गेलेत, सातवा लागला. सासरची माणसं चांगली, म्हणली आई न्हाय तर बाळंतपण इथंच करू. रेखा म्हणली, बाबा, मला घरी यायचंय, आईच्या घरी. म्या व्हय म्हणलं आन् फोन ठेवला. ठेवल्यावर मंग मोठ्यानं रडू आलं. बाळंतपण बापाला काय कळतं वो. न्हाऊ घालायचं, शेकशेगडी, डिंकाचं लाडू, ह्यातलं काय बी मला येत न्हाय.

दुसऱ्या दिशी बॉनेट उघडलं. उंदरांचं घरटं काढलं, वायरी जोडल्या, जाम झालेले ब्रेक सोडवले, ऑइल बदललं, बॅटरी नवी घातली. बाजूची सीट पुसताना दोनदा उठून बाहेर गेलो, परत आलो, पुसली. आन् बार्शीला जाऊन लेकीला घेऊन आलो. वाटंत ती आईसारखीच काचंला डोकं टेकून झोपली. म्या पुढं बगत चालवली.

आता ती आत निजलीय. शेजारच्या मावशी म्हणल्यात, मिस्त्री, घाबरू नगा, आमी हाव. दवाखाना जवळ हाय. तुमी बी तिला आशीर्वाद द्या, साहेब. सुखरूप सुटू दे माझी लेक. पोरगी होऊ दे न्हायतर पोरगा होऊ दे, मला काय बी चालंल. नुसतं तिच्या लेकराला त्याची आई लई वरसं पुरू दे.