पडदेवाल्याने मानलेले आभार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या थिएटरचे नवे मालक माननीय बिबटेसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेली आजची सत्कारमूर्ती, बोकडबुवांची लेक आणि आपल्या सगळ्यांची लाडकी गायिका चिमी, मुख्य दाराबाहेर स्वयंसेवक म्हणून उभी असलेली कोल्हेमंडळी, आणि समोर बसलेले पंखांचे, खुरांचे, शेपटीचे, बिनशेपटीचे लहानथोर रसिकजनहो,

मी कासव. या थिएटरात पडदा ओढतो. पडदा ओढणाऱ्यालाच पडद्यापुढे उभं करायची वेळ येते, तेव्हा बोलणारं दुसरं कुणी उरलेलं नसतं, हे आपण ओळखलंच असेल. पूर्वी अशी भाषणं मोर करायचा. तो मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरात गेला. मग बोकडबुवा करायला लागले. तेही गेले. मघाशी साहेबांनी माझ्या पाठीवर पंजा ठेवून सांगितलं, "कासवराव, थोडक्यात आटपा." साहेब, मी थोडक्यातच बोलणार आहे. फक्त माझं थोडक्यात जरा लांबतं.

सुरुवातीलाच साहेब, आपली क्षमा मागतो. हे पुढचे दिवे तुमच्या डोळ्यांवर येतायत. समोर प्रेक्षक दिसले की नवखा नट बुजतो, म्हणून आमच्याकडे दिवे पहिल्यापासून असेच लावलेले आहेत. इथे रंगमंचावरून बघणाऱ्याला समोर नुसता काळोख दिसतो. आणि तुमच्या मांडीवरचा तो पुष्पगुच्छ थेट नाकापर्यंत आलाय, तोही जरा मोठाच झाला. रंगपटातल्या बायकांनी मिळून बांधलाय, वर अत्तराची आख्खी बाटली ओतलीय. खाली ठेवू नका हं, त्या मनाला लावून घेतील.

दुसरी विनंती आभारांबद्दल. आभार शेवटी मानायची पद्धत आहे. पण शेवटी लोक चपला शोधत असतात आणि आभार मिळतात ते खुर्च्यांना. मला ते कधी पटलं नाही. म्हणून मी मधूनमधून मानणार आहे. आणि आमच्या मंडळीची जुनी रीत अशी, की ज्याचे आभार मानले त्याने उठायचं. तेव्हा साहेब, अधूनमधून खुर्च्या कुरकुरतील. आपण लक्ष देऊ नका.

या थिएटरात जो आला तो काहीतरी व्हायला आला. मला गायचं होतं. हसू नका, खरंच गायचं होतं. माझी पहिली तान संपेपर्यंत परीक्षक जेवून आले. मग तेव्हाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे आपल्या हंसबाईंनी, मला दोर दाखवला. म्हणाल्या, "पडदा सावकाश उघडावा लागतो, तू कर." आपल्या हत्तीदादाला नाचायचं होतं. तो दारातून आत मावेना, तर बाईंनी त्याच्यासाठी बाजूची भिंत फोडून वेगळं दार केलं. हत्तीदादा म्हातारा होऊन निवर्तला, त्याच्या दारापुढे रंगवलेल्या जंगलाचा जुना पडदा टांगला गेला, आणि नवीन लोकांना त्या दाराचा पत्ताही राहिला नाही. जुन्यांना असेल. अडसर आतून काढता येतो आणि बाहेरूनही घालता येतो, बाईंनी तसा मुद्दाम करून घेतला होता. असो, मी फार जुन्या गोष्टी काढतोय. म्हातारपण.

तर पहिले आभार पुढच्या रांगेचे. उंदीर, खारी, चिमणीची पिल्लं. तुम्ही नेहमी सगळ्यांच्या आधी हसता, त्यामुळे मागच्यांना कुठे हसायचं ते कळतं. बाळांनो, तुमचे आभार. आवाज न करता उठायचं, तालमीत शिकवलंय तसं.

टाळ्या ऐकल्यात साहेब? आमचे प्रेक्षक टाळ्यांच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत.

आता आमच्या चिमीबद्दल. हिचा जन्म रंगपटात, मुकुटांच्या टोपलीत झाला. आई शेळी, आमच्याकडे पोशाख शिवते. चिमी पहिल्यांदा रंगमंचावर आली ती झुडूप म्हणून. झुडपाने गायचं नसतं. पण बाप गायला लागल्यावर हिला राहवेना, आणि झुडपातून अशी काही लकेर आली की बोकडबुवा गाणं थांबवून ऐकत राहिले. बुवांच्या कपाळावर पांढरा पट्टा होता, हिच्याही आहे, तुम्ही बघताच आहात. त्या प्रयोगानंतर बुवा मला विंगेत म्हणाले, "कासवा, ही माझ्या पुढे जाणार बघ." त्यांना अभिमान वाटत होता आणि थोडी भीतीही वाटत होती. मला दोन्ही दिसलं.

मधल्या रांगांचे आभार. ससे, बदकं, कोंबड्या. पडत्या काळात तुम्ही स्वतः तिकीट काढून आलात. तुमचे मनापासून आभार. सावकाश, बदकताई, पाय आपटू नका.

काय म्हणालात साहेब? हो, आलोच मुद्द्यावर.

मुद्दा असा की चिमीला जायचंय. तिला आनंद झालाय, तो तिच्या डोळ्यांत दिसतोय. मोठं थिएटर, मोठी वाद्यमंडळी, आणि मुख्य म्हणजे तिथे तिचे बाबा आहेत. सत्कार जाहीर झाला त्या दिवशी तिने मला विचारलं, "कासवआजोबा, माझ्या पहिल्या गाण्याला बाबा विंगेतच उभे असतील ना?" मी म्हटलं, "पडदा उघडला की कळेल, बाळ." तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. त्यानंतर तिची माझी भेट नाही, कारण साहेबांनी तिच्या सुरक्षेसाठी खोलीबाहेर कोल्हे ठेवले. आईलाही आत सोडलं नाही. कलाकाराला एकांत लागतो, असं कळवण्यात आलं. म्हणून म्हटलं, जे बोलायचं ते सत्कारातच बोलू.

मोठ्या थिएटराबद्दल आम्हाला फारशी माहिती नाही. आमच्यातले बरेच तिथे गेले. दर वेळी असाच समारंभ, असाच गुच्छ, आणि बाहेर अशीच गाडी. आताही ती दारात सुरूच उभी आहे. बंद गाडी आहे, खिडकी नाही. मी कोल्ह्यांना विचारलं तर म्हणाले, आत थंडावा राहायला हवा. बरोबर आहे, प्रवासात कलाकार खराब होता कामा नये. गेलेल्यांचा निरोप मात्र कधी आला नाही. मोर तर असा, की शेजारच्या गल्लीत गेला तरी पोचल्याचं कळवायचा. कामात असतील सगळे.

आज मुख्य दाराला बाहेरून कडी घातलीय. हेही मी विचारलं. उत्तर मिळालं, "टाळ्यांचा शेवटचा कडकडाट झाला की उघडू. त्याआधी आतून काहीही ऐकू आलं तरी उघडायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे." शिस्त असावी तर अशी.

मागच्या रांगांचे आभार. म्हशी, घोडे, वळूशेठ. तुम्ही मागे बसता म्हणून लहानांना दिसतं, आणि लहान पुढे गेल्याशिवाय तुम्ही कधी जागचे हलला नाहीत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. जपून, खालची फळी वाजते.

टाळ्या. वा. आज टाळ्यांना पाऊस म्हणावं, थांबतच नाहीत.

आणि चिमीची आई. बाई, या थिएटरातला प्रत्येक सदरा तुमच्या हातचा. नवरा गेल्यापासून तुम्ही रोज त्यांचा पोशाख झटकून परत घडी घालता, ते आम्ही पाहतो. तुमचे आभार. तुम्ही पुढे व्हा. मुलीची काळजी करू नका, ती येतेय. मी शब्द देतो.

आता वाद्यांबद्दल एक शब्द, मग संपवतो. बुवा गेल्यावर काही दिवसांनी साहेबांनी आमच्या वाद्यमंडळीला एक नवा नगारा भेट दिला. उत्तम नगारा आहे. आमच्या वानराने तो एकदाच वाजवला आणि टिपऱ्या खाली ठेवल्या. त्यानंतर त्याने तो वाजवला नाही. मला वाटलं, मूड नसेल. आज दुपारी त्याने मला विंगेत नेऊन नगारा दाखवला. मी बराच वेळ बघत राहिलो.

चिमी, बाळ, तुझं निरोपाचं गाणं आता व्हायचंय. ते तू विंगेतून म्हणत म्हणत पुढे यायचंस, असं ठरलंय. साहेब, जाऊ द्या ना तिला. चार पावलांवर तर आहे. आभारी आहे. चिमी, तिथे वानरकाका नगाऱ्यापाशी बसलेत. गाण्याआधी तो नगारा नीट बघ. जवळून बघ. कडेला कातडं जिथे आवळलंय तिथे थोडे केस तसेच राहून गेलेत. तपकिरी आहेत, मध्ये पांढरा पट्टा आहे. बघ, आणि मग वानरकाका सांगतील तसं कर. तुझे आभार मी आत्ताच मानून ठेवतो. तुझ्या बापाची शपथ, एवढं ऐक माझं.

थोडं थांबू या साहेब. कलाकाराला सूर लावायला वेळ लागतो.

झालं. ऐका. काय आवाज आहे पोरीचा. आवाज कापतोय म्हणता? निरोपाचं गाणं आहे, कापायचाच. मी तर म्हणतो पूर्ण ऐकू या. बुवांनी बांधलेली चाल आहे, कडवी बरीच आहेत.

संपलं.

राहता राहिली मैना. साहेब, मैनेला तुम्ही पाहिलं नसेल. ती विंगेत वर, दोराच्या दांडीवर बसते. नाटकात पाऊस लागला, गाडीची शिटी लागली की मैना ते आवाज काढते. एकदा ऐकलेला गळा ती हुबेहूब काढते. आणि प्रयोगाला गर्दी कमी असली की टाळ्याही मैनाच वाजवते, अगदी भरल्या थिएटरच्या. मैने, तुझे आभार. शेवटचे आभार तुझेच. जा बाई. बाहेरून अडसर घाल.

आता दिवे उतरवतो. डोळ्यांना सवय होऊ द्या साहेब. तुमच्या डोळ्यांना उजेडाचा त्रास, काळोखात तुम्हाला सगळं दिसतं. दिसल्या ना खुर्च्या?

फार वर्षांपूर्वी इथे चालू प्रयोगात आग लागली होती. थिएटर खच्चून भरलेलं. 'आग' म्हटलं असतं तर धक्काबुक्कीतच पिल्लं चिरडली असती. हंसबाई शांतपणे पडद्यापुढे आल्या आणि आभार मानू लागल्या. आधी लहानांचे, मग मधल्यांचे, मग थोरांचे. ज्याचे आभार मानले तो उठला आणि हत्तीच्या दाराने बाहेर पडला. एकाच्याही शेपटीवर पाय पडला नाही. तेव्हापासून आमच्या तालमीत पहिला धडा तोच असतो, गाणं दुसऱ्या दिवशी. तुम्ही थिएटर विकत घेतलंत, पण तालमीला कधी आला नाहीत.

कोल्ह्यांना हाक मारून उपयोग नाही. ते टाळ्यांच्या शेवटच्या कडकडाटाची वाट बघतायत. आता टाळ्या वाजवायला तुम्ही आणि मी, आणि तुमचा पंजा मऊ पडतो, माझ्या हातांना आवाज नाही. शेवटी उघडतीलच ते, कान लावून लावून कंटाळतील तेव्हा. तोवर चिमी आईजवळ असेल, आणि वळूशेठच्या पाठीवर पिल्लं असतील, पूल ओलांडून पलीकडे.

मला भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. खूप वाटते. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पडदा उघडला, तो एकदा माझ्या हाताने पाडावा असं मनात होतं.

तर साहेब, आपण मला बोलू दिलंत, इतका वेळ दिलात, याबद्दल आपले आभार मानायला हवेत. पण आमच्याकडे ज्याचे आभार मानतात त्याला जायची मुभा असते, तेव्हा तेवढे राहू देतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, पाल्हाळ लागला असेल, तर म्हाताऱ्याचं समजून पोटात घाला. पोटात घालायची आपल्याला सवय आहे.

माझं कवच जुनं आहे, जाड आहे. वेळ लागेल तुम्हाला. घाई करू नका, मीही केलेली नाही.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता अध्यक्षीय भाषण. मी ऐकतोय, आतून.