स्वस्त, मजबूत आणि लांबचं दाखवणारी

नाही, पण तुम्हीच सांगा, ज्याच्या दारात सात गाड्या उभ्या, घरी ससाणा पाळलेला, त्या ससाण्याच्या खोलीला वेगळा एसी... असा माणूस म्हणतो, "वासुदेव, सस्ता देखो!" अहो, सस्ता? आणि काय सस्ता? तर बंदुकीवर लावायची दुर्बीण! रायफल स्कोप! आणि सांगतोय कोणाला? वासुदेवला! जो माणूस झुरळसुद्धा मारत नाही हो! सुपलीत घेतो, लिफ्टने खाली नेतो, कचरापेटीपाशी सोडतो आणि वर त्याला "जा बाबा, सांभाळून जा" म्हणतो, त्या माणसाला!

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. वासुदेव म्हणजे आमचा इथला, दुबईत करामातला शेजारी. मूळचा मिरजेचा, अंडं घातलेला केकसुद्धा चौकशी करून लांब सारणारा. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका बिल्डिंग मटेरियलच्या कंपनीत पर्चेस मॅनेजर आहे. त्या कंपनीचा मालक, अबू मतार, सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात, म्हातारा भला माणूस, पण हातातून वस्तू पाडण्यात पटाईत. आणि वासुदेवची ऑफिसात ख्याती काय, तर हा घेतो ती वस्तू मरत नाही! त्याने घेतलेला वॉटर कूलर, त्याने घेतलेल्या खुर्च्या, सगळं जुनंपुराणं आणि टुणटुणीत. कारण त्याचा नियम आहे. टाचणी घ्यायची असली तरी तीन दुकानांची तीन कोटेशनं, आणि त्यातलं मधलं घ्यायचं. सगळ्यात स्वस्त नको, फसवतात. सगळ्यात महाग नको, तेही फसवतात. मधलं! लग्नाच्या वेळी उर्मिलावहिनींना पाहिलं तेव्हाही म्हणे त्याने तीन स्थळं... जाऊ दे, वहिनींनी ऐकलं तर माझा चहा बंद होईल.

तर अर्बाब निघाला किरगिझस्तानला. शिकारीला! बायकोच्या भावांबरोबर! तिथे म्हणे डोंगरात मोठमोठ्या वळलेल्या शिंगांचे रानबोकड असतात, या कड्यावरून त्या कड्यावरचा टिपायचा. याआधीच्या दोन दुर्बिणी याने दगडावर आपटून फोडल्या. आता तिसरी महागाची घेतली आणि तीही फुटली, तर मेहुणे हसतील! म्हणून, "वासुदेव, सस्ता लाओ, मजबूत लाओ, दूर का दिखना चाहिए. तुम लाता, वो टूटता नहीं. यल्ला, चलो."

वासुदेव असा उभाच राहिला हो! आता नाही म्हणावं, तर कसं म्हणावं? त्याचा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता, ऑफिसात माणसं कमी करणं चाललेलं, आणि सही कोणाची बाकी? अर्बाबची! सही नाही तर खलास, सामान बांधा. आणि मुलगी मिहिका बारावीला. बोर्डाचं वर्ष! मध्येच उचलून मिरजेला न्यायची? म्हणून हा म्हणाला, "येस अर्बाब, इन्शाल्ला." जो झुरळसुद्धा मारत नाही, तो म्हणाला इन्शाल्ला!

घरी आल्यावर सांगितलं. वहिनींच्या हातातला झारा तसाच कढईवर! "म्हणजे तुम्ही घेतलेल्या वस्तूने एक जीव जाणार?" मिहिका मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, यू आर टेक्निकली अ‍ॅन अकम्प्लिस." याला अकम्प्लिस कळलं, जीव कळला, फक्त आपण काय करावं ते कळेना.

पण तुम्हाला सांगतो, माणसाची जात जात नाही! शुक्रवारी निघाला देऱ्याच्या बाजारात, तीन कोटेशनं घ्यायला! सोबत अर्बाबचा ड्रायव्हर अर्सलान, परवाना आणि कागद सांभाळत. पहिल्या दुकानात वासुदेवने किंमत विचारली आणि तिथेच स्टुलावर बसला. सहा हजार दिरहॅम! अहो, म्हणजे आपले दीड लाख! दीड लाखाची नळी! दुसऱ्या दुकानात इतकी स्वस्त, की हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. आणि तिसरं दुकान नूरुद्दीनचं. नूरुद्दीन श्रीवर्धनचा. मराठी ऐकली आणि काउंटर ओलांडूनच आला.

"या भाऊ, या! गाववाले! बोला, काय मारायचंय?"

"मारायचं नाही हो! घ्यायचंय!"

"तेच ते. हरीण? बोकड? किती लांबून?"

मग तो जो सुरू झाला, "भाऊ, लोक मोठं दिसण्यावर जातात. मोठं दिसून काय करता? काच साफ पाहिजे! संध्याकाळच्या अंधुक उजेडात दिसलं पाहिजे. नळीत गॅस भरलेला पाहिजे, म्हणजे थंडीत आतून वाफ धरत नाही. बंदुकीचा झटका बसला तरी नेम जागचा हलता नये. आणि काचेवर कोटिंग! सगळा खेळ कोटिंगचा!" वासुदेव ऐकतोय, ऐकतोय, आणि करतोय काय? बोटाच्या पेराने दुर्बिणीवर टकटक करून कान लावतोय! बाजारात नारळ घेतात तसा! शेवटी नूरुद्दीननेसुद्धा कान पुढे केला.

घेतली शेवटी. मधली! दोन हजाराची. अर्सलान म्हणाला, सकाळी फ्लाइटच्या आधी येऊन नेतो, भाई, तोवर तुम्ही तपासा. तपासा? अहो, वासुदेवला असं सांगायचं असतं का? वहिनींनी मटार काढायला फ्रीझर उघडला, तर खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी दुर्बीण! थंडीत वाफ धरते का बघतोय म्हणे! मग गादीवरून सोफ्यावर, सोफ्यावरून फरशीवर पाडून झाली. मग हा शहाणा चालला गॅलरीत, डोळ्याला लावून! समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या खिडक्या! वहिनींनी कॉलर धरून मागे ओढला. "जेलात जायचंय? समोर बायका राहतात!" हा पांढराफटक पडला. पण हाताने दुर्बीण पुसत म्हणतो, "उर्मिला, स्वच्छ आहे गं. लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचता आली." आणि बोलता बोलता चेहरा पडला. कारण पाटी वाचता येते म्हणजे बोकडही दिसणार... इतका कळवळून म्हणाला, "मी फार चांगली वस्तू घेतली गं!" वाटत होतं, आता रडेल. झुरळसुद्धा न मारणारा माणूस!

आता ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? खंडेनवमी! हा आंघोळीला गेलेला. आणि वहिनींची दरवर्षीची शस्त्रपूजा! इतकी वर्षं बिचारी शस्त्र म्हणून काय पूजत होती? विळी, स्क्रूड्रायव्हर, मिक्सरचं भांडं, गाडीची किल्ली, मिहिकाचा कॅल्क्युलेटर! आणि या वर्षी साक्षात बंदुकीचा अवयव घरात! वर त्यांचा आपला हिशोब, की जीव जायचाच असेल तर निदान पूजा करून पाठवावी, दोष आपल्या घराला नको. पाटावर लाल कापड, मधोमध दुर्बीण, झेंडूची फुलं, अक्षता... आणि तुम्हाला सांगतो, पुढच्या काचेवरचं झाकण काढलं! का? तर टोपी घालून कोणी पूजा घेतं का? आणि काढून, त्या काचेवर, बरोब्बर मध्यावर, चिमूटभर कुंकू पाण्यात कालवून... टिळा!

वासुदेव टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि खालून हॉर्न. "यल्ला, वासुदेव भाई! फ्लाइट है!" याने पाटाकडे पाहिलं. धावला, दुर्बीण उचलली, आणि ओल्या बनियनच्या टोकाने काच पुसली. ओल्या! बनियनने! कुंकू ते, जातंय कुठे? जे टिकलीएवढं होतं ते काचभर पसरलं. आणखी घासलं, आणखी एकसारखं पसरलं. डोळ्याला लावून बघतो, तर फ्रिज गुलाबी, भिंत गुलाबी, उर्मिला गुलाबी!

वहिनींनी पण लावून पाहिली. "छान दिसतंय की हो!"

मिहिका म्हणाली, "ओ माय गॉड, इट्स अ फिल्टर!"

खाली हॉर्न, हॉर्न, हॉर्न. नूरुद्दीनने काच पुसायला दिलेलं खास कापड खोक्यात होतं, ते याला आठवलं कधी? अर्सलानची गाडी वळणापलीकडे गेल्यावर! झाकण लावून दिली पाठवून. व्हिसा कुंकवाखाली!

मग जे काही दिवस गेले ना, विचारू नका. दसऱ्याला श्रीखंडाची वाटी समोर, आणि याचं लक्ष मोबाइलकडे. वहिनींनी तर एका सुटकेसमध्ये लोणच्याच्या बरण्या गुंडाळायलाही घेतल्या होत्या. "मिरजेला आपली खोली झाडून घ्यायला सांगू का?" असं हळूच विचारलं, तर मिहिका पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "मम्मा, डोन्ट." एवढंच. वासुदेवला ते एवढंच फार लागलं. मला दारात धरून म्हणाला, "तिला काय सांगू रे? की तुझं वर्ष कुंकवाने गेलं?"

आणि अर्बाब परत आला. निरोप आला, "वासुदेव को भेजो." टेबलावर दुर्बीण. अख्खं ऑफिस काचेपलीकडून बघतंय. अर्बाब म्हणाला,

"वासुदेव. ये लाल क्या है?"

हा म्हणाला, "अर्बाब, वो... मेरा मैडम... हमारा त्योहार..."

पण अर्बाब ऐकून घेईल तर शपथ! उठला, टेबलाला वळसा घालून आला, आणि याचे दोन्ही खांदे धरले. वासुदेवने डोळेच मिटले हो!

"हबीबी! मेरे सामने बकरा. बडा! सींग ऐसा! पीछे सूरज. मैं आँख लगाया, सब गुलाबी! पहाड गुलाबी, बर्फ गुलाबी, बकरा गुलाबी! वल्ला, इतना सुंदर! मेरा उँगली नहीं चला. मैं देखता रहा, देखता रहा, बकरा घर चला गया. फिर दुर्बीन हाथ से गिरा. पत्थर पे! कुछ नहीं हुआ! मजबूत!"

म्हणजे बोकड जिवंत! वासुदेवच्या डोळ्यांत पाणी. आणि अर्बाबने व्हिसाच्या कागदावर तिथेच उभ्याउभ्या सही ठोकली. मिहिकाचं वर्ष वाचलं! हा वाकून शुक्रिया-शुक्रिया करत दारापर्यंत पोचला, हात मुठीवर... आणि मागून आवाज.

"वासुदेव! मेरा बीवी का भाई लोग, सब ने आँख लगाया. सब को यही चाहिए. यही लाल कोटिंग. पाँच पीस. अगला महीना फिर जाना है. यल्ला!"

पाच! हा तसाच देऱ्यात. नूरुद्दीन म्हणतो, "भाऊ, हिरवं कोटिंग आहे, जांभळं आहे. गुलाबी जगात कुठली कंपनी बनवत नाही हो!" मग खरं सांगावं अर्बाबला? की तुमचा स्वर्ग म्हणजे आमच्या बनियनचा डाग? सही वाळली नाही अजून! घरी येऊन वहिनींपुढे हात जोडले, तर त्या म्हणतात, "खंडेनवमी झाली. आता पुढच्या वर्षी. वाटेल तेव्हा शस्त्रपूजा करायला मी काय तुमचं ऑफिस आहे?" पण मग स्वतःच म्हणाल्या, "पाच दुर्बिणी म्हणजे पाच बोकड वाचतील ना हो?" आणि पाट काढला.

परवा मी त्यांच्याकडे गेलो, तर पाच नळ्या ओळीने मांडलेल्या, आणि जो माणूस झुरळसुद्धा मारत नाही तो तोंडाला रुमाल बांधून ओल्या बनियनने काचा घासतोय. टेबलावर तीन पुड्या. म्हटलं, हे काय रे? तर म्हणाला, करामातल्या तीन दुकानांतून कुंकवाची कोटेशनं मागवलीत. काय करणार... मधलं घेतलं.