गुडघ्यांच्या मॅडम

सरपंचसाहेब, मॅडमचे यजमान, आन् इथं जमलेल्या माझ्या आयाबायांनो, भावांनो. मला सभेत बोलायची सवय न्हाई. माईक पहिल्यांदाच हातात धरला. पण मी रडायला उभी न्हाई राहिले. गेल्या आठवड्यात आपल्या वृंदामॅडम जालन्याला घरीच, झोपेत गेल्या. माणूस चांगलं होतं, मरणबी चांगलं आलं.

मी गयाबाई, शेळ्यावाली. कुणाची शेळी विताना अडली की मला बोलावतात, सगळ्यांना ठावं आहे.

आत्तापर्यंत जे जे बोलले, ते सगळे म्हणले, मॅडमनी आमचे गुडघे बरे केले. मला हसू आलं. माफ करा, शोकसभेत हसू नये. पण आपल्या गावात एवढे गुडघे कधी दुखले हो? मॅडम दर गुरुवारी घनसावंगीपर्यंत एसटीनं यायच्या. तिथून जीपमध्ये अंग चोरून बसायच्या, आन् आपल्या पंचायतीच्या मागच्या खोलीत यायच्या. त्या खोलीत ना तेल, ना पट्टा, ना शेकायची पिशवी. दोन खुर्च्या आन् पाण्याचा तांब्या. तिथं कुणाचा गुडघा बरा होईल? मीबी गावात गुडघाच सांगितला होता. आज खरं सांगते. माझं मन आजारी होतं. डिप्रेशन म्हणतात त्याला. मॅडम त्याचाच इलाज करायच्या, समोर बसवून, बोलून.

झालं काय, एका शेळीचं पिल्लू माझ्या हातात मेलं. मंग डोक्यात बसलं, माझ्या हाताला यश न्हाई. बोलावणं आलं तरी मी जाईना. मंग उठेना. मंग जेवेना. अंगारे झाले, उतारे झाले. मी आपली भिंतीकडं तोंड करून पडून राह्यले.

शेवटी घरच्यांनी मॅडमपाशी नेलं, तर मी म्हणले, "माझा हातच वाईट आहे." त्या म्हणल्या, "कशावरून?" म्हणलं, पिल्लू मेलं. "आन् जी जगली, ती कुणाच्या हातची?" मला राग आला. ही बाई इलाज करून राह्यली का वकिली? पण घरी जाताना रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या. बघते तर त्यातल्या कितीतरी माझ्याच हातच्या.

मंग त्यांनी सांगितलं, उठावंसं वाटलं की उठू, असं बिलकुल म्हणायचं न्हाई. आधी उठायचं, शेळ्या सोडायच्या, पाहिजे तर परत झोपायचं. मन मागून येतं. मी म्हणले, "मॅडम, शेळी मागून येते, मन कसं येईल?" लई हसल्या. "करून तर बघा." केलं. जल्दी न्हाई आलं. पण आलं. गोळ्या लागल्या तितके दिवस डॉक्टरकडंबी त्यांनीच धाडलं.

मंग पारूबाईची शेळी अडली. ही समोर बसलेली पारूबाई, माझी शेजारीण. मॅडम म्हणल्या, "जायच्या आधी सांगा, काय होईल?" मी म्हणले, पिल्लू मरेल. गेले. दोन झाली. एक लंगडं, पण जगलं. मॅडमला सांगितलं, तर त्यांनी "मी म्हणलं न्हवतं का" केलं न्हाई. नुसतं विचारलं, "आता काय म्हणता?" तसा आनंद मला पुन्हा झाला न्हाई.

एक काम मातर राहिलं. त्या विचारायच्या, "हा आजार लपवता कशाला?" मी म्हणायचे, गावाला कळलं तर येडी म्हणतील. शेळीपाशी कुणी बोलावणार न्हाई. त्यावरबी त्यांचं तेच, कशावरून? आन् म्हणायच्या, घाई न्हाई, तयार व्हाल त्या दिवशी सांगून बघा.

तर आज सांगितलं. भर सभेत. आता तुमच्या तोंडाकडं बघून राह्यले. माझं पोट ह्याच कामावर आहे.

काय गं पारूबाई? मोठ्यानं बोल. शेळी सकाळपासून कळा देत उठबस करून राह्यली? सभा झाली की तशीच चल म्हणतेस? मीच?

ऐकलं का मॅडम?

येते गं, येते. शेळीला म्हणावं, दोन मिनिटं दम धर. मंडळी, आता सगळे उभे राहा. मॅडमसाठी गप उभे राहू.