भिंतीवर टांगायची फ्रेम

कॅनडातल्या व्हिसलरच्या डोंगरावर सायकली वर नेणाऱ्या पाळण्यासाठी ही लांब रांग लागली होती. कॉलम नावाच्या सायकलस्वाराच्या पुढे पिकल्या केसांचं एक जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात भाड्याची सायकल होती. कॉलम उगाच झाडांकडे बघत होता, कान मात्र पुढे लागले होते.

“नोरीन, अगं, सायकलची मोडली तश्शीच फ्रेम घे. तिच्यावर हात बसलेला आहे.”

“आणि पुन्हा मोडू? मला मागचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर जास्त दबेल अशी हवी.”

“म्हणजे आणखी उंचावरून उड्या मारायला मोकळी!”

“मग काय, बागेत फिरवू?”

“आपल्या वयाचे लोक मोटरवाली घेतात गं.”

“त्यांची फ्रेम कधी उडी मारताना मोडली का?”

“बरं बाई. पण ती मोडकी गॅरेजात नको हं. आधीच अडगळ आहे.”

“ती दुकानदारानं मागून घेतली. भिंतीवर टांगणार आहे. आजवर तिथे सगळ्या पोरांनीच मोडलेल्या होत्या.”

“अरे वा! खाली तुझं नाव लिहिणार?”

“नाव नको म्हटलं. वय लिही.”

“खरं सांगितलंस ना?”

“छे! चांगली दोन वर्षं वाढवून सांगितलं.”