दहा दिवसांचा पत्ता

आमचे थोरले जावई किती हुशार, ते ऐका. त्यांच्या मोबाईलात एकाच ॲपमध्ये अकरा पत्त्यांचे ईमेल येतात. मला म्हणाले, "आई, हा बँकेचा, हा खरेदीचा, आणि हा नुसता कामापुरता. दहा दिवसांनी आपोआप मरतो. जाहिरातींची कटकटच नाही."

मी म्हटलं, "आणि अकराव्या दिवशी कामाचं काही आलं तर?"

"तुम्हाला नाही कळायचं, आई."

धाकट्या लेकीने, सुनंदाने, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑफिसच्या नोकरीचा अर्ज भरला. ईमेलचा पत्ता जावयांनीच टाकला. महिना झाला, बोलावणं नाही. पोरगी रडून अर्धी झाली. शेवटी जावयांना घेऊन मीच तिथे गेले. साहेब गुजरातीत म्हणाले, "बेन, बे वखत मेल मोकल्यो, पाछो आव्यो."

म्हणजे दोनदा पाठवलेला मेल परत आला, पत्ता केव्हाच मेलेला. जावई आपले बूट बघायला लागले.

साहेब भले माणूस. म्हणाले, "मुलीला उद्या पाठवा. पण चालू पत्ता द्या." जावयांनी लगेच मोबाईल काढला. "कोणता देऊ?"

"ठेवा तो खिशात," मी म्हटलं. "साहेब, लिहा. डिंडोली, पाण्याच्या टाकीमागे, सुनंदाची आई. मी काही दहा दिवसांत मरत नाही."